मिशनचा मोबदला : अंतराळ-गेममधला हिशेब

गेम म्हटलं की आपल्या होस्टेलमध्ये दोन पक्ष पडतात. एक रात्री अडीचपर्यंत खेळणारा आणि दुसरा त्याला "अरे, उद्या सबमिशन आहे" असं सांगणारा. हा लेख दोघांसाठीही आहे. गेम कसा जिंकायचा हे मी सांगणार नाही. गेममध्ये एखादं काम केल्यावर किती बक्षीस द्यायचं, हे ठरवणारा माणूस कसा विचार करतो आणि त्याचं गणित चुकलं तर काय होतं, हे सांगणार आहे. या गणिताला भूमिती श्रेणी, संभाव्यता आणि थोडी साधी अक्कल एवढंच लागतं. तिन्ही गोष्टी आपल्या अभ्यासक्रमात आहेत असं मानायला हरकत नाही.

अंतराळाचा गेम मुद्दाम निवडला आहे. शर्यतीच्या गेममध्ये काय करायचं हे रस्ताच सांगतो. अंतराळात रस्ता नसतो. समोर शेकडो ग्रह-तारे, कुठेही जा. मग खेळाडू जातो कुठे? जिथे मोबदला चांगला मिळतो तिथे. म्हणजे मोबदल्याचं कोष्टक हाच त्या विश्वाचा खरा नकाशा.

तीन तिजोऱ्या

उदाहरण म्हणून 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम' घेऊ. मेक्सिकोतल्या स्क्वाड या कंपनीने तो बनवला, २०११ पासून तो लोकांच्या हातात होता आणि पूर्ण आवृत्ती एप्रिल २०१५ मध्ये आली. आपल्या शाखेच्या लोकांना तो आवडण्याचं कारण सरळ आहे. यात यान स्वतः जोडावं लागतं, आणि इंधन कमी पडलं तर ते खरंच पडतं. कर्बिन नावाचा ग्रह ही आपली पृथ्वी. त्याला दोन चंद्र, मुन आणि मिन्मस. पुढे ड्यूना हा मंगळासारखा तांबडा ग्रह, आणि असे आणखी बरेच.

त्यातल्या करिअर प्रकारात तीन तिजोऱ्या आहेत : पैसा, विज्ञान-गुण आणि प्रतिष्ठा. पैशातून यानाचे भाग आणि इमारती मिळतात. विज्ञान-गुणांतून टेक ट्री उघडते, म्हणजे नवी इंजिनं, नव्या टाक्या, नवी उपकरणं. प्रतिष्ठा वाढली की मोठी काँट्रॅक्टं येतात. साध्या पातळीवर सुरुवातीला हातात २५,००० रक्कम असते आणि लाँचपॅडवर १८ टनांपेक्षा जड यान उभंच करता येत नाही.

या तिन्ही तिजोऱ्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत. उदाहरणार्थ, संशोधन केंद्राची पहिली पातळी असेपर्यंत १०० गुणांपेक्षा महाग तंत्रज्ञान उघडता येत नाही, मग गुण कितीही साठवा. दुसऱ्या पातळीवर ही मर्यादा ५०० होते. इमारत वाढवायला पैसा लागतो, पैसा काँट्रॅक्टमधून येतो. कोणी फक्त एकाच मार्गाने पळू नये म्हणून केलेली ही अडवणूक आहे, आणि मला विचाराल तर चांगली आहे.

एकच धडा किती वेळा?

आता विज्ञान-गुणांचं सूत्र बघा. प्रत्येक प्रयोगाला एक मूळ किंमत आहे आणि एक कमाल मर्यादा. मातीच्या नमुन्याची मूळ किंमत ३०, मर्यादा ४०. ज्या जागेवरून नमुना घ्याल त्या जागेचा गुणक दोन्हींना लागतो. मुनच्या जमिनीचा गुणक ४, म्हणजे पहिल्या नमुन्याला १२० गुण आणि एकूण मर्यादा १६०.

त्याच भागातला दुसरा नमुना आणला तर? मर्यादेपैकी जेवढा हिस्सा शिल्लक आहे तेवढ्या प्रमाणातच गुण मिळतात. १६० पैकी ४० उरले, म्हणजे एक चतुर्थांश. १२० चा एक चतुर्थांश ३०. तिसऱ्यांदा ७.५. म्हणजे १२०, ३०, ७.५... ही १/४ गुणोत्तराची भूमिती श्रेणी झाली. तिची अनंत पदांची बेरीज १२० भागिले ३/४, बरोबर १६०. अकरावी-बारावीत जे सूत्र आपण का शिकतो असं वाटायचं, ते इथे खेळाडूला हळूच सांगतंय, "इथलं झालं तुझं शिकून, आता पुढे जा."

आणखी एक बारकावा. तोच नमुना परत न आणता माहिती नुसती रेडिओने पाठवली तर २५ टक्केच किंमत मिळते. उलट यानातल्या माणसाचा तोंडी अहवाल पूर्ण किमतीला पाठवता येतो. दगड घरी आणणं अवघड, बातमी पाठवणं सोपं, त्यामुळे फरक रास्त आहे. परत उतरवलेल्या यानाचंही तसंच. अंतराळ केंद्राच्या जितकं जवळ उतरवाल तितके जास्त पैसे परत मिळतात. अचूक उतरायला शिका असं कुठेही लिहिलेलं नाही, पण दोन-चार वेळा तोटा झाला की माणूस आपोआप शिकतो.

मिन्मसचा तिढा

इथपर्यंत सगळं छान. आता गंमत बघा.

मुन कर्बिनपासून सुमारे १२,००० किलोमीटरवर, मिन्मस सुमारे ४७,००० किलोमीटरवर. मिन्मस जवळजवळ चौपट लांब, म्हणून त्याच्या जमिनीचा गुणक जास्त, ५. मातीच्या पहिल्या नमुन्याला १५० गुण. वरवर न्याय्य वाटतं.

पण अंतराळात किलोमीटरला किंमत नसते, वेगातल्या बदलाला असते. त्यालाच डेल्टा-व्ही म्हणतात. कर्बिनच्या खालच्या कक्षेतून निघून मुनवर उतरायला साधारण १७५० मीटर प्रति सेकंद लागतात आणि तिथून घरी निघायला सुमारे ८९०. म्हणजे एकूण २६४०. मिन्मसचं गुरुत्व मात्र अगदीच किरकोळ, कर्बिनच्या विसाव्या हिश्शाएवढं. त्यामुळे जाऊन उतरायला सुमारे १२७० आणि परत निघायला ३४०. एकूण १६१०!

भागाकार करून बघा. १००० मीटर प्रति सेकंद खर्चामागे एका नमुन्याचे मुनवर ४५ गुण पडतात आणि मिन्मसवर ९३. लांबचा चंद्र स्वस्त आणि मोबदला दुप्पट. शिवाय रॉकेटच्या समीकरणात डेल्टा-व्ही घातांकात बसतो, म्हणून इंधनाच्या वजनातला फरक याहून मोठा असतो.

मग गुणक चुकला का? मी यावर बराच विचार केला आणि माझं उत्तर "अर्धवट" असं आहे. मिन्मसची कक्षा ६ अंशांनी कललेली आहे. तिथे जायचं तर कक्षेचा कल जुळवावा लागतो, आणि लांबच्या छोट्या गोळ्यावर नेम धरावा लागतो. नवख्याला हे मुनपेक्षा अवघड जातं. मुन रात्री समोर दिसतो, मिन्मस शोधावा लागतो. म्हणजे जास्तीचे गुण इंधनासाठी नसून नेव्हिगेशन शिकल्याबद्दल आहेत असं मानलं तर पहिल्या फेरीपुरता गुणक बरोबर आहे.

अडचण दुसऱ्या फेरीपासून सुरू होते. मिन्मसचे नऊ भाग आहेत : पठारं, उतार, ध्रुव वगैरे. गुणांची उतरती श्रेणी प्रत्येक भागाला वेगळी लागते. एका भागात नमुना घेतला, थोडं इंजिन पेटवून शेजारच्या भागात उडी मारली की पुन्हा पूर्ण १५०. नऊ भागांचे नुसत्या मातीचे १३५० गुण झाले, आणि थर्मामीटर, गू-चा डबा वगैरे उपकरणं अजून मोजलेलीच नाहीत. शिकण्याची किंमत एकदाच द्यायची होती, ती नऊ वेळा दिली गेली. मुनवर तर असे भाग डझनावर आहेत.

आता टेक ट्रीच्या किमती बघा : ४५, ९०, १६०, ३००, ५५०, १०००. प्रत्येक पायरी आधीच्या साधारण पावणेदोन ते दोनपट. पायरी दुप्पट होत असेल तर कमाईही वाढली पाहिजे, म्हणजे खेळाडूने पुढे गेलं पाहिजे. तो ड्यूनावर गेला तर तिथला गुणक ८, नमुन्याला २४० गुण. पण ड्यूनाची खिडकी कर्बिनच्या सुमारे दोन वर्षांतून एकदा उघडते, प्रवासाला सुमारे ३०० कर्बिन-दिवस लागतात, आणि ड्यूनाच्या जमिनीवरून नुसत्या कक्षेत यायलाच १४५० मीटर प्रति सेकंद मोजावे लागतात. चुकलात तर माणसं तिथेच अडकतात. एवढं करून २४०! मिन्मसवर दोन उड्यांचे ३००. शहाणा माणूस काय करेल?

आमच्या विंगमधल्या एका मित्राने तेच केलं. सगळी टेक ट्री त्याने दोन चंद्रांवरच उघडली. सगळ्यात मोठी इंजिनं, अणुइंजिन, सगळं हातात आलं आणि त्याच आठवड्यात त्याने गेम बंद केला. कारण विचारलं तर म्हणाला, "आता मिळवायला काय उरलंय?" ड्यूना, जूल, ईलू हे सगळे ग्रह त्याच्यासाठी अजून कोरे होते. त्याच्या लेखी मात्र तिथे जाण्याचं कारण संपलं होतं.

वेळ फुकट असला की

या गेममध्ये वेळ लाखपट वेगाने पुढे नेता येतो. कर्मचाऱ्यांना पगार नाही, यानातल्या माणसांना जेवणही नाही. त्यामुळे गेममधला वेळ फुकट आहे. कक्षेत प्रयोगशाळा ठेवा, आत शास्त्रज्ञ बसवा, तिला माहिती द्या, आणि वेळ पळवा. गुण पिकत राहतात. तसंच काही काँट्रॅक्टं म्हणतात, "अमुक ग्रहाभोवतीच्या कक्षेतून वैज्ञानिक माहिती पाठवा." तिथे आधीच एक थर्मामीटर आणि अँटेना असलेला उपग्रह फिरत असेल तर एक बटण दाबायचं, बस्स. त्या तापमानाचे विज्ञान-गुण शून्य झालेले असतात, पण पैसे पूर्ण मिळतात.

मी याला वाईट म्हणत नाही. कफल्लक झालेल्या खेळाडूला असा आधार हवाच, नाहीतर एक रॉकेट फुटलं की करिअर संपलं. पण आधार आणि पेन्शन यांत फरक आहे. आधार माणसाला उभा करतो. पेन्शन घसघशीत असेल तर तो उठतच नाही.

हे दुखणं जुनंच

१९८४ साली डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या दोघांनी बीबीसी मायक्रोवर 'एलीट' बनवला. ३२ केबी मेमरीत आठ दीर्घिका, प्रत्येकीत २५६ ग्रह. हातात १०० क्रेडिट. माल घ्या, विका, यान सजवा. मालाची मोठी जागा ४००, बीम लेझर १०००, डॉकिंग काँप्युटर १५००, मिलिटरी लेझर ६०००. त्यानंतर विकत घेण्यासारखं फार काही उरत नाही, म्हणजे पैशाची शिडी संपते.

पण त्यांनी दुसरी शिडी वेगळी ठेवली होती. हुद्दा पैशाने मिळत नाही, लढाईत पाडलेल्या यानांवर मिळतो : ८, १६, ३२, ६४, १२८, मग एकदम ५१२, २५६०, आणि सर्वोच्च हुद्दा ६४०० ला. पहिल्या पायऱ्या दुपटीच्या, म्हणून सुरुवातीला बढती पटापट मिळते. पुढे अंतर वाढत जातं. दोन शिड्या एकमेकींत बदलता येत नाहीत हे महत्त्वाचं. व्यापारात कितीही कमावलं तरी हुद्दा विकत मिळत नव्हता.

त्याच घराण्यातला 'एलीट डेंजरस' डिसेंबर २०१४ मध्ये आला. त्यात अ‍ॅनाकोंडा नावाचं मोठं यान सुमारे १४.७ कोटी क्रेडिटला मिळतं, आणि सुरुवात हजार क्रेडिटने होते. मधे डझनभर यानं आहेत, प्रत्येकात काहीतरी शिकण्यासारखं. डिसेंबर २०१८ मध्ये लघुग्रह फोडून आतलं रत्न काढायची सोय आली. व्हॉइड ओपल नावाच्या रत्नाला काही स्थानकांवर टनाला १० लाखांवर भाव मिळू लागला. गणित करा, दीडशे टनांच्या आत अ‍ॅनाकोंडा. मधली सगळी यानं नव्या खेळाडूने ओलांडली. आणि यान फुटलं तर परत मिळवायला किमतीच्या ५ टक्के भरावे लागतात, म्हणजे ७३ लाखांवर. यान चालवायचा सराव नाही, खिशात शिल्लक नाही, एका धडकेत सगळं गेलं. चढ फार सोपा केला की पडणं फार महाग होतं. पुढे कंपनीने मालाच्या मागणीचे आणि भावाचे नियम बदलले.

आपलं कोष्टक आपण मांडू

आता वही काढा. समजा आपण स्वतःचा छोटा अंतराळ-गेम करतोय आणि त्यात तीन मिशन आहेत.

अ) टपाल पोचवणं : ४ मिनिटं, धोका नाही, मोबदला १०००.
ब) उपग्रहाने सर्वेक्षण : १५ मिनिटं, फसण्याची शक्यता २० टक्के, मोबदला ३०००.
क) अज्ञात ग्रहावर उतरणं : ४० मिनिटं, फसण्याची शक्यता ५० टक्के, मोबदला १०,०००.

फसलं की यानदुरुस्तीला २००० जातात. कागदावर 'क' चा आकडा सगळ्यात मोठा आहे आणि बनवणाऱ्याला वाटतं, झकास, लोक अज्ञात ग्रहावर धावतील. आता दर मिनिटाची सरासरी अपेक्षित कमाई काढा. अ : १००० भागिले ४, म्हणजे २५०. ब : २४०० वजा ४००, भागिले १५, म्हणजे सुमारे १३३. क : ५००० वजा १०००, भागिले ४०, म्हणजे १००. सगळ्यात कंटाळवाणं काम सगळ्यात फायद्याचं निघालं! तुमचा अंतराळ-गेम प्रत्यक्षात पोस्टमनचा गेम झाला.

पहिला मोह होतो 'क' चा मोबदला तिप्पट करण्याचा. तो टाळा. त्यामुळे पैसा भरमसाट होतो, मग दुकानातल्या किमती वाढवाव्या लागतात, मग पुन्हा मोबदला. महागाईचं हे चक्र थांबत नाही. त्याऐवजी तीन गोष्टी करा.

पहिली, सोप्या कामाला उतरती श्रेणी लावा. 'अ' चे १०००, २५०, ६२.५, १५.६ असे चार फेऱ्यांचे मिळून सुमारे १३२८ होतात. १६ मिनिटांनी भागलं तर दर मिनिटाला ८३.

दुसरी, नव्या गोष्टीला एकदाच मिळणारं बक्षीस ठेवा. 'क' मध्ये त्या ग्रहावर पहिल्यांदा उतरल्याचे ४००० जास्त. मग ७००० वजा १०००, भागिले ४०, म्हणजे १५०. आता क्रम क, ब, अ असा लागला. दुकानातली एकही किंमत न बदलता खेळाडूचं तोंड अज्ञात ग्रहाकडे वळलं.

तिसरी, 'अ' चा भाव काही काळाने हळूहळू परत वर येऊ द्या. कारण सरासरी सगळं सांगत नाही. ज्याच्या खिशात फक्त २००० आहेत त्याला 'क' परवडत नाही, निम्म्या वेळा तो पहिल्याच फटक्यात साफ होईल. त्याला दोन-चार टपालं टाकून उभं राहता आलं पाहिजे. सरासरी श्रीमंताला लागू पडते, गरिबाला आधी टिकावं लागतं. हे गेमपुरतंच खरं आहे असं नाही.

शेवटी एक चाचणी. पूर्ण कोष्टक झालं की स्वतःला विचारा : माझ्या गेमचं नाव बाजूला ठेवून नुसता मोबदल्याचा तक्ता कुणाला दाखवला, तर तो कशाचा गेम आहे असं म्हणेल? उत्तर आणि नाव जुळलं नाही तर तक्ता दुरुस्त करा. नाव बदलून उपयोग नाही.

काचेखालचा बल्ब

हीच चाचणी आपल्या टर्मवर्कला लावून बघा. ड्रॉइंगची शीट वेळेवर जमा केली की गुण. ती कशी काढली याला गुण नाहीत. मग काय होतं ते प्रत्येक इंजिनिअरला माहीत आहे. खुर्च्यांवर काच, खाली बल्ब, वर सिनिअरची शीट, तिच्यावर आपली कोरी शीट. ग्लास ट्रेसिंग ऊर्फ जीटी. सहा तासांची शीट दीड तासात तयार. मिन्मसवरच्या उड्या याहून वेगळ्या नाहीत. जीटी मारणारा आळशी असतो असं मला वाटत नाही. तो तक्ता नीट वाचतो आणि तक्त्यात जे लिहिलंय तेच करतो.

आणि शेवटही सारखाच होतो. सगळी जर्नल्स सर्टिफाय झालेली, सगळ्या शीट्सवर सह्या, आणि इंटरव्ह्यूमध्ये कोणी साधा आयसोमेट्रिक व्ह्यू काढायला सांगितला की हात थांबतो. टेक ट्री पूर्ण, ड्यूना कोरा.

म्हणून आमच्या सर-मॅडमना एक नम्र सुचवणी. शिक्षा वाढवून जीटी थांबत नाही, कारण धोका थोडा वाढला तरी दर तासाचा फायदा तिचाच जास्त राहतो. थोडे गुण हलवले तर? समजा शीटच्या दहा गुणांपैकी चार, समोर बसून दहा मिनिटांत काढलेल्या एका छोट्या फ्रीहँड स्केचला. ज्याने शीट समजून काढली त्याला हे चार गुण जवळजवळ फुकट आहेत, ज्याने छापली त्याला महाग. सबमिशनची संख्या तीच, कागद तेवढाच, फक्त मोबदला शिकण्याच्या बाजूला सरकला.

आणि आपल्यासाठी? तक्ता कसाही असला तरी आपला ड्यूना कोणता हे आपल्याला ठरवता येतं. गुण नसलेलं एखादं काम या सेमिस्टरमध्ये जरूर करा : एखादं सर्किट, एखादा प्रोग्रॅम, नाहीतर स्वतःच्या हाताने काढलेली एक तरी शीट. वरच्या कोष्टकातले आकडे बदलून बघायचे असतील तर एक्सेल शीट माझ्याकडे तयार आहे. पेन ड्राइव्ह घेऊन रूमवर या. सबमिशनच्या आदल्या रात्री मात्र नको!